तिसऱ्या संडासाचा पाइप

१२ एप्रिल, दुपार

चि. ताई,

तुला, जावईबापूंना आणि छकुलीला आशीर्वाद. माझा गुडघा होता तसाच आहे, गोळ्या वेळेवर घेतो, गॅस दोनदा तपासून झोपतो. तेव्हा ते सगळं फोनवर विचारत बसू नकोस. फोनवर मी चिडलो की तू "बाबा, नंतर बोलू" म्हणतेस आणि ते नंतर काही येत नाही. म्हणून लिहितो. शेवटपर्यंत वाच.

सुट्टीत तंबूत राहायला तुम्ही ती झऱ्याकाठची जागा पक्की केलीत. ती रद्द करा.

तू पाठवलेलं माहितीपत्रक मी भिंग लावून तीनदा वाचलं. चौथी शिकलोय, पण वाचता येतं. दिवे उन्हावर चालतात. प्लास्टिक चालत नाही. दात घासताना नळ बंद ठेवा. वर मोठ्या हिरव्या अक्षरांत 'पर्यावरणस्नेही'. जावईबापूंनी म्हणे दहा जागा पाहून, गुण देऊन ही निवडली. त्या गुणांत माणसांची घाण जाते कुठं, हा प्रश्न होता का? संडासाचा फोटो आहे, दाराशी फुलांची कुंडी ठेवलेली. फोटोत पाइप दिसत नसतो. जन्मभर नळकाम केलेला बाप घरात आहे, त्याला एका शब्दानं विचारलं नाहीत.

म्हणून परवा मी स्वतः जाऊन आलो. ओरडू नकोस. सकाळच्या बसनं गेलो, संध्याकाळी परत आलो, डबा नेला होता.

फाटकावर हिरव्या टोपीतल्या व्यवस्थापकानं माझी पिशवी तपासली आणि साबणाची वडी काढून घेतली. "आजोबा, साबणानं झऱ्यातले मासे मरतात."

"बरं बाबा, माशांना माझा नमस्कार सांग," म्हटलं.

पिशवीतली बाटली त्याला औषधाची वाटली. तिच्यात केकवाल्याकडून आणलेला खायचा लाल रंग होता, पाण्यात कालवलेला. कुठला पाइप कुठं निघतो हे शोधायला आम्ही असंच करायचो. तिथं पाच संडासांची रांग आहे. मी तिसऱ्यात रंग ओतला, वरून दोन बादल्या पाणी सोडलं आणि खाली पोहायच्या डोहाशी घड्याळ बघत बसलो. नवव्या मिनिटाला दगडांच्या फटीतून लाल पाणी आलं. डोहात दोन पोरं डुंबत होती. त्यांना हाका मारून बाहेर काढलं, तर त्यांची आई माझ्यावरच खेकसली.

व्यवस्थापक धावत आला. "वरची माती असेल, आजोबा."

"तुमच्याकडं माती संडासातून येते?"

त्यानं मालकाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. जुना मालक गेला, आता मुलगा बघतो. तो अगदी थंडपणे म्हणाला, "आमची टाकी आहे, तसे कागद आहेत. तिथं दुसरा पाइप आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी फोन परत दिला आणि बसथांब्यावर येऊन बसलो. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. दूधवाल्यावर ओरडलो, शेजारच्या मास्तरांवर ओरडलो, आता तुझ्यावर ओरडतोय.

तू विचारशील, पाचातल्या तिसऱ्याच संडासात का ओतलंत? कारण पाचांचे पाइप तिथं एकत्र येतात आणि झऱ्याकडं वळतात. ते वळण मी दिलंय.

जुना मालक म्हणाला होता, पाहुणे दारात आलेत, आत्ता झऱ्यात सोड, टाकी नंतर खणू. हे बरं नाही, असं मी म्हटलं. एकदाच म्हटलं. मग पाइप टाकला आणि त्यावर दगड रचले, कुणाला पाइप दिसणार नाही असे. काम इतकं नेटकं झालं की पस्तीस वर्षांत एकदाही गळलं नाही.

तू लिहिलंस की ही जागा तुला हवी, कारण आठ वर्षांची असताना माझ्याबरोबर कामावर आली होतीस आणि त्या डोहातलं पाणी तुला अजून आठवतं. ताई, त्या दिवशी पाहुणे येऊन चार दिवस झाले होते. तू पाण्यात होतीस, मी काठावर हत्यारं आवरत होतो. मला माहीत होतं. वाहतं पाणी आहे, जाईल वाहून, असं मनाशी म्हटलं. तुला बाहेर बोलावलं असतं, तर का ते सांगावं लागलं असतं.

पुढच्या महिन्यात तुला कावीळ झाली. शाळेचं वर्ष गेलं. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं होतं का? तुझी आई रडत म्हणाली, "मीच आइसकांडी घेऊन दिली होती हो, नारिंगी." मी शेजारच्याच खुर्चीवर बसलो होतो. पुढं मरेपर्यंत ती म्हणत राहिली, माझ्यामुळं पोरीचं वर्ष गेलं. ते मी ऐकत जेवत राहिलो. तू अजून छकुलीला आइसकांडी देत नाहीस, तेही बघतो आणि गप्प बसतो.

सोमवारी आरोग्य खात्याच्या कचेरीत जातोय. अर्ज मास्तरांकडून लिहून घेतला नाही, स्वतः लिहिलाय. कुठला दगड उचलला की पाइप दिसेल, त्याचं चित्रही काढलंय. तुम्हाला कोणी सांगितलं, याचं उत्तर पहिल्याच ओळीत आहे.

तुमच्या यादीत टेकडीवरची एक जागा होती, जावईबापू जिला भिकार म्हणाले. तिथं खड्ड्याचा संडास आहे, वरून भुसा टाकतात, थोडा वास येतो. वास येतो म्हणजे घाण तिथंच आहे. पोरीला तिथं न्या.

माझ्यावर रागव. चार दिवस फोन करू नकोस, चालेल. पण जायच्या आधी छकुलीला नारिंगी आइसकांडी घेऊन दे. तुझ्या आईनं दिली तिच्यात काही नव्हतं.

तुझा बाप