यानाचा दरवाजा

ता. ३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

माझी पहिली कादंबरी एकदाची छापायला निघाली! संपादकबाई म्हणाल्या, विज्ञानकथेचे वाचक यंत्रातली चूक लगेच पकडतात, कुणा जाणकाराला दाखवा. माझ्या ओळखीचा जाणकार एकच, बर्फाच्या कारखान्यात जन्म काढलेला फिटर. म्हणून छापायची पानं पाठवतेय. पेन्सिल घ्या आणि करा चिरफाड.

एक आधीच सांगते. सोळाव्या प्रकरणात यानात विषारी वायू सुटतो. मेकॅनिक दरवाजा लावतो आणि निघून जातो. त्याचा मुलगा आतच राहतो. आपला दादा तुमच्या कारखान्यात गॅस सुटून गेला त्याला नऊ वर्षं झाली, पण तुम्ही त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाहीत. मग मला जे वाटत आलं, ते मी लिहिलं. नको असेल तर प्रकरण काढते, पण वीस तारखेच्या आत कळवा.

गुडघ्याला शेक देत जा. माझ्यावरचा लोभ वाचूनही उरला तर फार बरं वाटेल.

तुमची खार

ता. ११ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

दोनदा वाचलं. तुझ्या पंपाचा व्हॉल्व्ह उलटा बसलाय, असलं यान अंगणातून उठायचं नाही. आणि तुझा मेकॅनिक नट नुसता हाताने आवळतो! असल्याला मी दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता. बाकी झकास. त्या दोन चंद्रांच्या वर्णनापायी माझा चहा गार झाला.

सोळावं प्रकरण काढू नकोस. पण मेकॅनिक निघून जातो, हे चूक. मी थोरल्याला तीन हाका मारल्या. अलीकडच्या खोलीत अकरा माणसं होती, म्हणून दरवाजा लावला. मीच लावला. पण गेलो नाही गं कुठे. बंबवाले येईपर्यंत त्या पत्र्याला कान लावून उभा होतो. एवढं दुरुस्त कर.

तुझ्यावर रागावलेलो नाही, हे वेगळं लिहायला नको.

बाबा

ता. १४ मार्च

ती. बाबा,

आज नमस्कार लिहायलाही हात धजत नाही. अकरा माणसांचं ठाऊक होतं. तुम्ही दाराशी उभे होतात, हे नव्हतं. नऊ वर्षं तुमच्यावर डूख धरला, आणि वर त्याची कादंबरी केली. माझी मलाच लाज वाटते.

मेकॅनिक आता दाराशी उभा राहील. मुलगा आतून दार ठोठावत राहतो, ते तसंच ठेवू का? तुम्ही सांगाल ते.

खार

ता. १७ मार्च

चि. खारूस,
अ. उ. आ.

रडू नकोस. मनातलं मनात कुजवायची आपल्या घराची खोडच आहे, मीही तेच केलं.

ठोठावणं मात्र काढ. आतून एकदाही आवाज आला नाही. तोच ऐकायला तर मी उभा होतो. आला असता तर अकरा जणांचा विचार न करता दार उघडलं असतं, आणि थोरल्याला ते पक्कं माहीत होतं. तो दाराला टेकूनच सापडला. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते त्याने.

बाबा