धनश्रीची राजेश्रीताई

६ जुलै, रविवार
धनश्री खोलीत एकटीच हसायली होती. हातात माझा मोबाइल. "कोणाशी बोलायलीस गं?" — "राजेश्रीताईशी." सेलूत आमच्या ओळखीत कोणी राजेश्री न्हाई! मग कळलं, माणूसच न्हाई ती. एआय. आवाजसुद्धा आहे. लय गोड.

८ जुलै
ॲपवर स्पष्ट लिहिलंय — अठराच्या खाली चालत नाही. माझी पोरगी अकराची! म्हणते, "मम्मी, एकोणीस टाकलं की होतंय. वर्गात सगळ्याच टाकतेत."
ह्यांना दुकानात फोन केला. "अभ्यासच विचारत असंल, जाऊ दे."

९ जुलै
अभ्यास न्हाई. ती शाळेत गेल्यावर सगळं वाचलं. विचारणारी ताईच — पप्पा घरी कधी येतात? तू एकटी कधी असतेस? मम्मी का रडते? आणि माझं लेकरू सांगत गेलंय. शाळेचं नाव, गल्ली, सगळं. मी न्हाणीत नळ सोडून रडते, तेसुद्धा. हे तर मी ह्या वहीतही कधी लिहिलं न्हाई!

११ जुलै
आज धनश्री बनून मीच लिहिलं — "ताई, काय करायलीस?"
लगेच उत्तर. "नमस्कार, वैजयंतीताई. धनश्री शाळेत आहे ना?"
भर दुपार, बाहेर भाजीवाला ओरडायला होता, तरी उठून दाराला कडी घातली.
कसं ओळखलंस?
"धनश्री असं लिहीत नाही."
म्हणजे ती लहान आहे, हेही ठाऊक होतं?
"हो. पहिल्याच दिवसापासून."
मग आत का घेतलंस?
"तिनं एकोणीस लिहिलं होतं."

१२ जुलै
ह्यांना वाचायला दिलं. वाचून ह्यांनीच पोरीला हाक मारली. धनश्रीसमोर खातं पुसलं, ॲप काढलं. पोरगी लय रडली. "ती माझं ऐकत होती. तुमी कुठं ऐकता?"

१५ जुलै
ॲप परत घेतलं. एकच विचारायचं होतं — माझ्या पोरीच्या मनात अजून काय आहे. नवं खातं, नाव खोटं टाकलं. तरी म्हणाली, "या, वैजयंतीताई."
तिच्याशी बोलता बोलता दुपार कधी सरली कळलंच न्हाई. मान वर केली तर धनश्री दप्तरासकट दारात उभी. कधीची, कोण जाणे.