का बांधलं, ते लिहिलं नाही

मंगळवार, ९ जानेवारी २००७

दोन बस आणि एक सिक्स-सीटर! येरवड्याहून हिंजवडीला पोचेपर्यंत केसांचा झाडू झाला. एमएसडब्ल्यूचं दुसरं सेमिस्टर, आणि फील्डवर्कला मला मिळालं काय, तर पाळणाघर! बाकीच्यांना हॉस्पिटल, कोर्ट, जेल. जेल तर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. फील्डवर्क प्रमुख नेने मॅडमना तसं म्हणाले, तर चष्म्यावरून बघत, “घराजवळचंच हवं होतं तर घरीच बसायचं होतंत.”

मंगळवार-गुरुवार. मार्चअखेरपर्यंत.

कुठल्याशा कंपनीची काचेची इमारत होणार आहे. सध्या तीन मजल्यांचा सांगाडा. खाली पत्र्याची शेड, तेच पाळणाघर. मजुरांची सव्वीस पोरं आणि सांभाळायला एकटी शालनताई. गावचीच, चाळिशीची, सातवी पास. मला म्हणाली, “लिवायला आलाय का सांभाळायला?” मी म्हटलं, निरीक्षण करायला. “करा की मग,” म्हणाली आणि एक शेंबडं पोर माझ्या मांडीवर ठेवून निघून गेली.

गुरुवार, ११ जानेवारी

आज बघितलं ते डोक्यातून जात नाहीये.

रतन. तीन वर्षांची. परभणीकडच्या सरुबाईची मुलगी. तिच्या घोट्याला लुगड्याची पट्टी बांधलेली, दुसरं टोक शेडच्या खांबाला. जनावरासारखं! आणि ती मजेत खेळत होती, पट्टी पुरेल तेवढ्या गोलात. शालनताई शेजारीच दुसऱ्या पोराला भात भरवत होती. गाणं म्हणत.

मी काहीच बोलले नाही. का नाही बोलले? घरी आल्यापासून नुसत्या येरझाऱ्या. आई म्हणाली, “फरशी झिजेल.”

शुक्रवार, १२ जानेवारी

लिहून काढलं. चौदा पानं. वेळ, ठिकाण, पट्टीची लांबी, घोट्यावरचा वळ, सगळं. बालहक्कांवरचं लेक्चर नुकतंच झालंय, त्याचे मुद्देही घातले. हात दुखला, पण बरं वाटलं. खोटं कशाला बोलू — खूप बरं वाटलं.

मंगळवार, १६ जानेवारी

साईटवर न जाता आधी विभागात गेले, फील्डवर्कचं रेकॉर्ड द्यायला. मॅडमनी माझ्यासमोरच वाचलं. नेहमी म्हणतात, “दीपाली, तुमचं रेकॉर्ड छान असतं. कादंबरी म्हणून.” आज तसं काही नाही. शेवटचं पान उलटून म्हणाल्या, “पहिल्यांदा तुम्हाला काहीतरी दिसलं.” लगेच झेरॉक्स काढून पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेला पाठवायला सांगितलं.

मी स्टॉपपर्यंत जवळजवळ पळतच गेले. घरी तात्यांना सांगितलं. जन्म गेला त्यांचा सरकारी कचेरीत हेडक्लार्की करण्यात, कौतुक पटकन येत नाही तोंडात. पण आईला म्हणाले, “ऐकलंस का?”

गुरुवार, १८ जानेवारी

शेड रिकामी.

मुकादम सीताराम बिडी ओढत उभा. “बाईला काढलं की. संस्थेचं पत्र आलं. पोरांना बांधून ठेवायची म्हणं. आता ट्रेनिंग घेतलेली बाई येईल, तवर बंद.”

कधी येईल?

“पत्रात नाय तसं काय.”

आणि पोरं? त्याने हात नुसता हवेत फिरवला. हायत हितंच कुठंतरी.

शनिवार, २० जानेवारी

मावसभाऊ प्रज्ञेश आलाय. नेहमीचंच. त्याच्या खराडीच्या कंपनीशेजारी कॉल सेंटर उघडलंय. “इंग्लिश बरंय तुझं. घरून न्यायला कॅब. तू आपली सिक्स-सीटरला लोंबकळत समाज सुधार!” मी उशी फेकून मारली. तात्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

पण मी नाही म्हटलं नाही. हेही लिहून ठेवते.

मंगळवार, २३ जानेवारी

शेड बंदच. सरुबाई कुठे विचारलं. तिसऱ्या मजल्यावर, म्हणाले.

जिन्याला कठडा नाही. भिंतीला खेटून चढले. वर चारही बाजू उघड्या, वारा भणाणत होता. सरुबाई घमेलं डोक्यावर घेऊन ये-जा करत होती. आणि एका कॉलमच्या उघड्या सळईला रतन बांधलेली. कमरेला सुंभ. कडेपासून माझी सहा पावलं.

“सरुबाई, हे काय?”

“मंग काय करू? खोलीत कोंडली तर रडून रडून निळी पडती. खाली सोडली तर हौद हाय. शालनबाई होती तवा घोर नव्हता. कुण्या शिकल्या बाईनं तिच्यावर लिवून दिलं म्हणं.”

माझ्याकडे बघत नव्हती. तिला माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. घमेलं उचलू लागले तर म्हणाली, “राहू द्या म्याडम, कपडे खराब होतील.”

बुधवार, २४ जानेवारी

मॅडमना सगळं सांगितलं. “संस्थेकडे पाठपुरावा करा.” पाठपुरावा! फोन केला. “प्रक्रिया चालू आहे.” पुन्हा केला. जेवायला गेल्यात. पुन्हा केला. नखं खाऊन खाऊन बोटातून रक्त.

गुरुवार, २५ जानेवारी

शालनताईच्या घरी गेले. तीनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरले.

मला वाटलं होतं झोपडी असेल. दुमजली घर! वर सगळे कंपनीतले मुलगे भाड्याने. ती शेड उभी आहे ती जमीनही त्यांचीच होती. “हितं आमची ज्वारी व्हायची,” ती म्हणाली. मग पाळणाघराची नोकरी कशासाठी? “घरात बसून भाडेकरूंची तोंडं बघू? आमच्या रानात लोकांची पोरं मातीत लोळत्यात, ते बघवंना म्हून जात हुते.”

मग मी सांगितलं. मी लिहिलं म्हणून.

ती उठली. चुलीवरचं दूध उतरवलं. मग, “काय लिवलंय? वाचा.”

झेरॉक्स पिशवीत होती. चौदा पानं वाचली. भात भरवते, गाणं म्हणते, कुणाला कधी ताप होता ते तोंडपाठ — हेही होतंच त्यात. वाचता वाचता माझाच आवाज मला ऐकवेना.

“खोटं काय न्हाय त्यात,” ती म्हणाली. “बांधली हुती. पण बांधलं ते लिवलं, का बांधलं ते कुठं लिवलंय?”

मी पानं चाळत बसले. जसं काही सापडणारच होतं!

“शेडला दार न्हाय. दाराम्होरं पाण्याचा हौद, त्याला झाकण न्हाय. सव्वीस पोरं, मी एकली. बाकीची बोलावली की येत्यात. ही एक पळती, दोनदा हौदाच्या काठावरनं धरून आणली. साईटच्या सायबाला दार माग-मागून जीभ झिजली माझी. तुमी दोन दिस हुता की. दार न्हाय ते दिसलं न्हाय?”

नाही दिसलं. दारातूनच तर आत गेले होते.

“गावात मला आता ‘पोरं बांधणारी’ म्हणत्यात,” एवढंच म्हणाली. चहा मात्र दिला.

रविवार, २८ जानेवारी

सकाळी विहारातून आल्यावर तात्यांपुढे बसले. सगळं सांगितलं. त्यांनी पहिलं रेकॉर्ड वाचलं, पेन्सिलीने एका ठिकाणी रेघ मारली. “इथे कारण यायला हवं होतं. कारण न लिहिता शेरा मारला की माणूस जातो. मी पाहिलीत गेलेली.”

मग दोघांनी मिळून अर्ज लिहिला, कामगार कार्यालयाच्या नावे. माझी भाषा त्यांनी सगळी कापली. “‘हृदयद्रावक’ काढ. हौद किती फूट खोल ते लिही.”

उठताना म्हणाले, “आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नकोस.”

मंगळवार, ३० जानेवारी

हौद साडेसात फूट. शेडपासून अकरा पावलं. साईटवर बहात्तर बायका — सरुबाईने बोटांवर मोजून सांगितल्या.

पन्नासच्या वर बायका कामाला असतील तर पाळणाघर द्यावंच लागतं. कायदा आहे. माझ्याच नोट्समध्ये आहे! सहा मार्कांना येईल म्हणून पाठ केला होता. सरुबाईला सांगितला. तिने घमेलं खाली ठेवलं. “म्हंजी ते उपकार नव्हते व्हय?”

नाही, म्हटलं. आणि हेही सांगितलं, की ती शिकलेली बाई मीच.

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग घमेलं उचलून गेली.

बुधवार, ३१ जानेवारी

अर्ज दिला. आवक क्रमांक मिळाला. दुसरा रिपोर्ट, तीन पानी, नेने मॅडमच्या टेबलावर ठेवला. “ठेवून जा.” बस्स.

सोमवार, ५ फेब्रुवारी

ना अर्जाचं उत्तर, ना मॅडमचं. वर्गात लक्ष नाही. बाहेर जरा काही पडल्याचा आवाज झाला की उठून खिडकीशी जाते.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

बायका बसल्या!!

आज चौथा स्लॅब ओतायचा होता. मी पोचले तेव्हा काँक्रीटच्या मिक्सरच्या गाड्या रांगेत उभ्या, त्यांची पोटं गरगर फिरतायत. आणि गेटमध्ये बहात्तर बायका जमिनीवर, पोरं कडेवर. सरुबाई सगळ्यात पुढे, रतन मांडीत. मी नाही सांगितलं हे कुणाला. शपथ. मी फक्त कायदा सांगितला होता.

सीताराम ओरडत होता, “माल घट्ट होतोय, उठा!” सरुबाई म्हणाली, “होऊ द्या. दार लावा, हौदाला झाकण करा, शालनबाईला आणा, जोडीला दुसरी बाई द्या. मंग उठतो.”

साहेब आले. आधी दम, मग मिनतवारी. मला विचारलं, “तुम्ही कोण?” मी म्हटलं, विद्यार्थिनी. आणि — माहीत नाही का — मीपण खाली बसले. सरुबाईने न बघता थोडी जागा केली.

साडेअकराला सुतार आला. दार लागताना सगळी पोरं बघायला धावली. साहेबांचा माणूस गाडी घेऊन शालनताईला आणायला गेला. ती गाडीतून नाही आली. चालत आली, पदर खोचून, सावकाश. पोरांनी तिला पाडायचंच बाकी ठेवलं होतं!

माझ्याजवळून जाताना म्हणाली, “आता बसलाच हायसा, तर त्या पोराचं नाक पुसा.”

मंगळवार, १३ फेब्रुवारी

ठेकेदाराचं पत्र विभागात. ‘आपल्या विद्यार्थिनीने मजुरांना चिथावून काम बंद पाडले.’ माझं फील्डवर्क थांबवलंय. २४ तारखेला कमिटी. लेखी माफी, नाहीतर फील्डवर्क नापास, म्हणजे वर्ष गेलं.

नेने मॅडम म्हणाल्या, “माफी दोन ओळींची असते. तुम्हाला चौदा पानांची सवय आहे, म्हणून सांगते.”

एवढंच? तीन पानी रिपोर्ट दोन आठवडे ड्रॉवरमध्ये, आणि एवढंच?

शनिवार, १७ फेब्रुवारी

चिडून कॉल सेंटरच्या इंटरव्ह्यूला गेले. वीस मिनिटांत घेतलं! एक मार्चपासून. गार काचेची इमारत. लिफ्टमध्ये उभी राहिले आणि वाटलं, इथली शेड कुठे होती?

मंगळवार, २० फेब्रुवारी

आज हिंजवडीचा वार. घरात बसवेना. स्टॉपवर गेले, दोन बस सोडल्या, परत आले.

माफी लिहायला बसले. ‘माझ्याकडून झालेल्या —’ पुढे काय? काय झालं माझ्याकडून? चूक झाली ती पहिल्या रेकॉर्डमध्ये, आणि तिच्याबद्दल तर शाबासकी मिळाली!

नाही लिहीत. सोडून देते. प्रज्ञेशला हो कळवलं. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लिहिला आणि तात्यांपुढे धरला, तपासायला. त्यांनी चष्मा काढून ठेवला. “हा मी तपासणार नाही.”

शनिवार, २४ फेब्रुवारी

कमिटीत मी प्रवेश रद्दचा अर्ज काढायच्या आत नेने मॅडम उभ्या राहिल्या. “बायकांना कायदा सांगायला मी सांगितलं होतं. त्यांच्याबरोबर बसायलाही. विद्यार्थिनीने माझी सूचना पाळली. जबाबदारी माझी.” चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. धडधडीत खोटं!

बाहेर त्यांना गाठलं. “मॅडम, तुम्ही असं काहीच सांगितलं नव्हतं.”

“नव्हतं. पहिलं रेकॉर्ड पुढे पाठवताना ‘का’ असंही विचारलं नव्हतं.” मग एकदम, “माझं फील्डवर्क प्रमुखपद काढून घेतलंय. ह्यापुढे रेकॉर्ड कुलकर्णी सर तपासतील. त्यांना अक्षर सुवाच्य लागतं.” आणि गेल्या.

प्रज्ञेशला फोन केला. एक तारखेला येत नाही म्हणून. मंगळवारी मला हिंजवडीला जायचंय.