वान नदी मोहीम: मेंबर तीन, दिवस चार

७ सप्टेंबर, रविवार. सकाळी ६.१०
ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत सातपुड्यातून येणाऱ्या वान नदीवर चार दिवसांची मोहीम. ट्यूबवर बसायचं, तरंगत राहायचं. दोन्ही बाजूंना डोंगर, जंगल, मोर. मेंबर तीन: मी (लीडर), धम्मशीला (स्वयंपाक) आणि पुण्याहून येणारी आमची लेक महामाया. तिची पाच दिवसांची रजा मंजूर आहे. गेल्या वर्षी पोरगी दीड दिवस राहिली, त्यातला एक दिवस लॅपटॉपसमोर. नदीत लॅपटॉप चालत नाही आणि मधूनच उठून एसटी पकडता येत नाही. अर्थात मोहिमेचं कारण ते नाही. कारण साहस. कॉलेजच्या हेडक्लार्कला साहस नसतं असं कोणत्या जीआरमध्ये लिहिलंय?

८ सप्टेंबर
धम्मशीला म्हणाली, तुमाले पोहता येते काय? मी सांगितलं, तरंगणे आणि पोहणे हे दोन वेगळे विषय आहेत. म्हणाली, इहिरीत डोकावतानी माहा पदर धरता तुमी. बायकोनं नवऱ्याचं खच्चीकरण करायचं ठरवलं की असे मुद्दे निघतात. मोहीम कायम.

१४ सप्टेंबर
ट्रकच्या तीन जुन्या ट्यूब आणल्या. पंक्चर एकूण अकरा. सगळे काढले. मोहिमेची फाइल उघडून तिला आवक क्रमांक दिला. निम्मं काम झालं.

२१ सप्टेंबर
संग्रामपूरच्या मावसभावाचा, रवीचा फोन. म्हणे, दादा, दिवाळीले नदीत पानी कुठी गुडघ्याएवढं तं कुठी घोट्याएवढं. मंधात खडकच खडक. तरंगाचं सोडा, बसले तरी बूड सोलून निंघीन. शिवाय अभयारण्यात रात्री राहू देत नाहीत.
रवी लहानपणापासून निराशावादी. सुधारित योजना: जंगलाच्या खालच्या बाजूनं तरंगायचं, मुक्काम रोज रवीच्या घरी. त्याला अजून कळवलेलं नाही. दिवस चारच. दिवसांत कपात होणार नाही.

५ ऑक्टोबर. दुपारी २.००
रंगीत तालीम. स्थळ: अमडापूर, भगवानरावांचं शेततळं. (हे आमच्याच ऑफिसातून रिटायर झालेले.) दहा वाजता ट्यूबवर बसून प्रवेश. वल्हं म्हणून घरचं धोपाटणं नेलं होतं. वाऱ्यानं मला थेट मधोमध नेलं. धोपाटणं हातातून निसटलं. हातांनी पाणी मारत कडेला आलो, तर शेततळ्याचं प्लास्टिक शेवाळानं बुळबुळीत. पाच वेळा चढलो, पाच वेळा घसरून पाण्यात. दोन वेळा नाकातोंडात पाणी. भगवानराव वरून ओरडत होते, भाऊ, धीर सोडू नका, म्हशीचा दोर आनून राह्यलो! त्यांच्या मंडळी, मनकर्णाबाई, मोबाईलवर व्हिडिओ काढत होत्या. १२.४० ला बाहेर.
निष्कर्ष: दोष प्लास्टिकचा. नदीला प्लास्टिक नसतं.

६ ऑक्टोबर
व्हिडिओ मनकर्णाबाईंकडून धम्मशीलाकडे, तिच्याकडून महामायाकडे. आमच्या गावात, चिखलीतही बऱ्याच जणांनी पाहिला. कॉलेजात शिपाई कारभारी विचारतो, बाबूजी, बुडून राह्यले होते काय? मी म्हणालो, ती रेस्क्यू ड्रिल होती. महामायाला फोन केला. मला वाटलं हसेल. हसली नाही. शेततळं किती खोल आहे, एवढंच विचारलं.

१२ ऑक्टोबर
महामायाचा मेसेज: काम निघालं, पाचऐवजी दोनच दिवस येते. काम निघालं म्हणे! दिवाळीत कसलं काम? तिच्या साहेबाला कडक पत्र लिहिलं. मसुदा फाइलला लावला. पत्र पाठवलं नाही, कारण पोरीची नोकरी आहे.
मोहीम एक दिवसाची. एक दिवसाची मोहीमही मोहीमच असते. माघार नाही.

२० ऑक्टोबर
आली. बारीक झाली आहे. अंगणात तिन्ही ट्यूब फुगवून ठेवल्या होत्या. त्यातल्या एकीवर बसून तिनं चहा घेतला आणि म्हणाली, पप्पा, काम नव्हतं निघालं. रजा पाचच दिवसांची होती. तीन दिवस मीच कॅन्सल केले. म्हटलं, चार दिवस नसले तर तुम्ही नदीत उतरणार नाही. तो व्हिडिओ पाहून मले दोन रात्री झोप नाही आली.
मी म्हणालो, साहस म्हणजे काय हे तुमच्या पिढीला कळत नाही.
ती म्हणाली, पन नदीच काऊन?
मी फाइलची पानं चाळली. उत्तर फाइलमध्ये नव्हतं. शेवटी सांगितलं की तू चार दिवस राह्यली असती, म्हणून.
म्हणाली, मंग नुसतं राह्य म्हनाचं होतं ना, पप्पा.
धम्मशीला आत निघून गेली. मी फाइल मिटली.

२१ ऑक्टोबर
वारा आणि पाण्याची पातळी प्रतिकूल असल्यामुळे मोहीम स्थगित. दिवसभर घरीच. वांग्याचं भरीत, भाकरी. महामाया दुपारभर झोपली. मी तिथेच पेपर वाचत बसलो होतो.

२२ ऑक्टोबर. सकाळी ७.००
ती म्हणाली, रजा पुन्हा मागून पाहू काय? स्वतः कॅन्सल केलेली रजा परत मंजूर होत नसते. हे मी हेडक्लार्क म्हणून तिला स्पष्ट सांगितलं. तरी तिनं साहेबाला फोन लावला. नाही म्हणाला.
साडेनऊची गाडी आहे. स्टँडवर सोडायला मी जाणार नाही. ज्या मुलीचा बापाच्या नियोजनावर विश्वास नाही, तिनं एकटीनं जावं. हे लेखी नोंदवून ठेवतो.

९.५०
सोडून आलो. खिडकीजवळची जागा मिळाली तिला.