चौथ्या कडव्याचं मौन

२ जानेवारी
नवी वही, नवं वर्ष, संकल्प एकच: विद्यापीठगीताची शान राखणे.

यंदा विद्यापीठाला साठ वर्षं होतायत. पदवीदानाला गीत होणारच, आणि त्याचा पहिला आवाज अर्थातच माझा. आपली रीत अशी की वाद्यबिद्य काही नाही. सभागृहाच्या मागच्या दाराशी एक माणूस उभा राहतो, पहिली ओळ एकटा म्हणतो आणि दुसऱ्या ओळीपासून सगळं सभागृह त्याला येऊन मिळतं. गेली एकोणीस वर्षं तो माणूस मी. एरवी परीक्षा विभागात हेडक्लार्क, गुणपत्रिकांवर सह्या. सह्या काय, कुणीही करेल.

६ जानेवारी
स्मरणिकेतला ‘गीताच्या परंपरा’ हा लेख कुलसचिवांनी माझ्याकडे सोपवला. म्हणजे मीच मागितला. पण ते नाही म्हणाले नाहीत, हे महत्त्वाचं.

लेखाचा गाभा चौथं कडवं. काय ती परंपरा! तिसऱ्याच्या शेवटी एकेक आवाज गळत जातो आणि चौथ्याला अख्खं सभागृह गप्प. माना वर, गळ्याच्या शिरा ताठ, काहींचे डोळे पाणावलेले. पाचव्याला पुन्हा सगळे सुरू. मी स्वतःसुद्धा चौथ्याला गप्पच असतो. गळाच दाटून येतो. जुने शिपाई म्हणतात, ही प्रथा अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी सुरू झाली. त्यांना काय कळतंय! चांगली साठ वर्षांची असणार.

१० जानेवारी
संगीत विभागाच्या बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, यंदा जरा खालच्या पट्टीत सुरू करा, चौथं फार वर जातं, लोकांना झेपत नाही. मी म्हटलं, बाई, ती भावना आहे. त्या तडक जिना उतरून गेल्या. एवढं शिकून भावना कळत नाही म्हणजे कमाल आहे.

ठरवलं. यंदा आणखी अर्धा सूर वर.

११ जानेवारी, पहाटे
रियाज सुरू. गच्चीत. थंड बंद, आंबट बंद, ऑफिसात विनाकारण बोलणं बंद.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने
खालच्या मजल्यावरचे डॉक्टर वर आले. घशात काही अडकलंय का म्हणाले. रियाज आहे म्हटल्यावर म्हणाले, मग माझ्याकडे इलाज नाही. ही स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. तेवीस वर्षं संसार केला, पण कलेची कदर म्हणून नाही.

१८ जानेवारी
लेखासाठी मुलाखत. पहिल्या तुकडीतल्या एक आजीबाई शहरातच राहतात असं कळलं होतं. लिफ्ट बंद, चार मजले चढलो. सुनेनं दार उघडलं. आजीबाई खिडकीशी मटार सोलत बसल्या होत्या. निम्मे मटार माझ्यापुढे सरकवले. इतिहास ऐकायचा तर हात चालू ठेवा म्हणाल्या.

इतिहास कसला, सगळा पोरखेळ! म्हणे पहिल्या पदवीदानाला सभागृहाला छप्परसुद्धा नव्हतं. पाहुण्यांचं स्वागत कसं करायचं म्हणून आदल्या रात्री खाणावळीत मुलामुलींनी ताटं बडवत गाणं जुळवलं. ज्याला जे सुचेल ते कडवं. चौथं आजीबाईंचं. आपल्यामागून जे या बाकांवर येऊन बसतील त्यांच्यासाठी, म्हणाल्या. आणि पहिला आवाज मागच्या दारातून का? तर पाहुण्यांची गाडी वाटेत बंद पडली होती. ती येताना दिसली की आत कळवायचं म्हणून आजीबाईंना दारात उभं केलं होतं. गाडी दिसली, ह्यांनी पहिली ओळ म्हटली, आतले सावरून उठले.

म्हणजे मी एकोणीस वर्षं काय, राखणदार?

शेवटी चौथ्याच्या मौनाबद्दल विचारलं. म्हणाल्या, कसलं मौन? चौथं तर आम्ही सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचो. बिचाऱ्या. वय झालंय.

२० जानेवारी
लेख पूर्ण. ताटं काढून टाकली. गाडीही काढली. ‘संस्थापकांनी ब्राह्ममुहूर्तावर चिंतन करून हे गीत रचले’ असं केलं. मौनावर दीड पान. उत्तम उतरलंय. कुलसचिवांना देताना आजीबाईंना शोधून काढल्याचंही सांगितलं. थोडी फुशारकी मारायला काय हरकत आहे?

२५ जानेवारी
हरकत होती.

कुलसचिवांनी कुलगुरूंना सांगितलं. कुलगुरू भारावले. यंदा पहिला आवाज आजीबाईंचा! मला बोलावून म्हणाले, तुम्हीच त्यांना शोधलंत, तुमचे उपकार. वर पाठ थोपटली. ती पाठ अजून जळतेय.

मी म्हटलं, साहेब, त्यांचं वय ऐंशीच्या पुढे, आवाज पोचणार नाही. ते म्हणाले, म्हणून तर सगळे शांत राहतील.

पण पहिला आवाज मी असा तसा सोडणार नाही. माझ्या हयातीत तरी नाही.

२८ जानेवारी
ऑफिसात सगळे माझ्या बाजूने. एकूण एक. अन्याय आहे म्हणाले. निषेधाच्या अर्जावर सह्या मागितल्या तेव्हा नेमकी सगळ्यांची चहाची वेळ झाली. एकाची बोटंच दुखत होती. मनाने मात्र माझ्याबरोबर आहेत, हे मला कळतं.

ही म्हणाली, एक वर्ष आजींनी म्हटलं तर आभाळ कोसळणार आहे का? मी म्हटलं, हो, कोसळेल. ती म्हणाली, मग छत्री घेऊन जा.

४ फेब्रुवारी
संगीतवाल्या बाईंनी चौथ्या कडव्याचे छापील कागद वाटायचं ठरवलंय. का, तर ते कुणाला पाठ नाही. अहो, मौनाचं कडवं पाठ कशाला लागतं? माझ्या टेबलावरही एक कागद आणून ठेवला. शिपायाबरोबर परत पाठवला. मला, गीताचा कागद!

७ फेब्रुवारी
उद्या पदवीदान. बेत पक्का. आजीबाई व्यासपीठावर बसणार, तिथूनच म्हणणार. मी माझ्या जागी, मागच्या दाराशी. त्यांनी श्वास घ्यायच्या आत मी सुरू करणार. एकदा माझा आवाज लागला की दोन हजार माणसं आपोआप मागे येतात. एकोणीस वर्षांची सवय आहे ती, कुणाच्या हुकमाने थोडीच जाणार आहे? मग करा काय करायचं ते. मेमो द्या, बदली करा, पेन्शन अडवा!

हीसुद्धा येतेय. येऊ दे. बघेल तरी.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
सुरू केलं. मीच आधी. पहिली ओळ, अर्धा सूर वर, खणखणीत, एकदाही न फाटता.

कुणीही मागे आलं नाही.

दोन हजार माना वळल्या. काही मुलं हसली. पुन्हा सगळे पुढे तोंडं करून थांबले. मग व्यासपीठावरून आजीबाईंनी सुरू केलं. खाली, अगदी खाली, घरात कुणाला हाक मारावी तसं. दुसऱ्या ओळीला सभागृह त्यांना मिळालं. मी ओठ घट्ट मिटून उभा राहिलो. हा माझा निषेध होता.

तिसरं संपलं. मी म्हटलं, आता बघा. आता होतील गप्प.

नाही झाले. चौथं आलं आणि सगळे म्हणाले. काळे डगले घातलेली मुलं, त्यांचे आईबाप, आमच्या ऑफिसातले सगळे, बोटं दुखणारा धरून. कुलगुरूंचा आवाज तर काय भसाडा! ही माझ्या शेजारी उभी राहून कागद बघून म्हणत होती. तिला गाता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. अंगावर काटा आला. म्हटलं, जाऊ दे तो निषेध, आपणही म्हणू. तोंड उघडलं.

शब्दच येईनात. पुढची ओळ काय, ह्याचा पत्ता नाही. हिने न बघताच कागद माझ्याकडे सरकवला, पण चष्मा घरी होता. पाचवं येईपर्यंत तसाच तोंड उघडं टाकून उभा.

कार्यक्रमानंतर बाहेर पायऱ्यांवर आजीबाई गाडीची वाट बघत बसल्या होत्या. मी नजर चुकवून निघालो होतो, त्यांनी हाक मारली. म्हणाल्या, मटारवाले, चौथ्याला तुम्ही गप्प का होता? मी म्हटलं, मौन. त्या हसल्या नाहीत. बसा म्हणाल्या. बसलो. ही पलीकडे बसली. आजीबाई एकेक ओळ म्हणत गेल्या, मी मागून.

चाल अगदी सोपी आहे. लहान पोराला एकदा ऐकून येईल. मला तीनदा सांगावी लागली.