पूजेच्या वेळचा पट्टा

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

नळदुर्ग

प्रिय शिवू,

पाकीट बघून दचकू नकोस. अज्जींचं जेवणखाण नीट आहे, तुझ्या अप्पांचं दुकान चालू आहे. घरात फोन असताना आईला पत्र कुठून सुचलं, म्हणशील. अगं, तो फोन अज्जींच्या खाटेवर उशाशी असतो आणि त्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर कायम चालू. तुझ्याशी दोन शब्द बोलायचे म्हणजे तिघींनी बोलायचं. म्हणून लिहायला बसले. तुझ्या कॉलेजच्या वहीतली मागची पानं कोरी होती, ती टाकवत नव्हती, आता सार्थकी लागली. अक्षर वाकडं आलंय, ते समजून घे.

खंडोबाची यात्रा होऊन गेली. औंदा मी गेले नाही. हलगी मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून पार रात्रीपर्यंत ऐकली, आणि देवाला म्हटलं, तूच ये बाबा इकडं, माझा पाय काही उंबऱ्याबाहेर पडत नाही. शेजारच्या महालिंगप्पांच्या घरचे सगळे जाऊन आले. भंडारा आणून दिला, तो कपाळाला लावला. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले होते एकदा, चप्पल घालून, डोक्यावर पदर घेऊन. तेवढ्यात मागं घरातला फोन ठणाणा करायला लागला, तो तिथवर ऐकू आला. माघारी आले तर अज्जी खाटेवर स्वस्थ बसलेल्या. म्हणाल्या, “बाई, पाणी पाहिजे होतं.” तांब्या उशालाच होता.

तुला हे माहीत नाही. मी कधी सांगितलंच नाही. तू पाठवलेला पट्टा अज्जींच्या हाताला बांधला, तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं. माझ्या लेकीनं केलेलं यंत्र म्हणून त्याला हळदकुंकूही लावलं. अज्जी पडल्या की आपोआप घरी, दुकानात आणि तिकडं बेंगळूरला तुझ्याकडं घंटा वाजणार. पण अज्जींना त्याची खोड लवकरच कळली. मनगट खाटेच्या लोखंडी दांडीवर जोरात आपटलं की सगळी माणसं जागी होतात. मी मागच्या दारी धुणं धुते, एक दणका. गिरणीला निघाले, एक दणका. अप्पा सुरुवातीला गाडी काढून पळत यायचे, मला म्हणायचे, “तू कुठं होतीस?” आता ते दुकानातच फोन बंद करतात. गिऱ्हाईकापुढं हसून सांगतात, आमची आई खाट वाजवायली.

अज्जींवर रागावू नकोस हं. पडून खुबा मोडला तेव्हापासून त्यांना घर रिकामं वाटलं की धसका बसतो. एकदा मी विचारलं, का हो असं करता? तर म्हणाल्या, “तू गेलीस तर मी पडलेली कुणाला कळंल गं?” सासूची चहाडी लेकीकडं करायची नाही, हे मला माझ्या आईनं शिकवलं. म्हणून तू विचारायचीस, आई, आज परत वाजलं, अज्जी पडल्या का? तर मी म्हणायचे, नाही गं, उगीच वाजलं असेल. अज्जी डोळे मिटून ऐकत असायच्या.

येळामावस्येला तू आली होतीस, ते आठवतं? अज्जींनाही टमटममध्ये बसवून शेतात नेलं होतं. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, आंबिल पिऊन सगळे आडवे झाले आणि आपण दोघी बांधावर बसलो. तू माझ्या पिशवीतल्या दोन फण्या घेतल्यास, एकीचे दात दुसरीच्या दातांत घातलेस, एकमेकींना लागू न देता. म्हणालीस, आई, पट्ट्याच्या आत अशाच फण्या असतात, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या. मध्ये रव्याच्या कणाएवढं वजन, ते चारी बाजूंनी केसापेक्षा बारीक स्प्रिंगांवर टांगलेलं. माणूस हललं की वजन मागं राहतं, दातांमधलं अंतर कमीजास्त होतं, आणि त्यावरून कळतं. कुठं जोड नाही, झाळकाम नाही, सगळं एकाच चकतीतून कोरून काढलेलं. स्प्रिंग फार बारीक केली तर रस्त्यावरून ट्रक गेला तरी वजन थरथरतं, कधी बाजूला जाऊन चिकटतं आणि चिकटलं की परत येत नाही. फार जाड केली तर हळू हललेलं त्याला कळतच नाही, मोठा दणकाच लागतो. ह्या दोन्हींच्या मधली जागा शोधणं हेच माझं काम, म्हणालीस.

मी म्हटलं, म्हणजे डबी बंद, चारी बाजूंनी बांधलेलं, हलतं पण कुठं जात नाही. माझ्यासारखंच की गं. मी हसले. तू हसली नाहीस. फण्या सोडवून पिशवीत ठेवल्यास. मी थट्टाच केली होती, असं तुला नंतर सांगणार होते. सांगितलं नाही, कारण थट्टा नव्हती.

आता परवाच्या फोनवर येते. तू म्हणालीस, “आपल्याच घरचा पट्टा सगळ्यात जास्त खोटं बोलतो, ऑफिसात मला चिडवतात.” आणि म्हणालीस की पट्टे दिलेल्या सगळ्या घरांची यादी काढली, त्यात खोट्या घंटा मोजल्या, आणि आता स्प्रिंग जाड करायचं ठरलंय. महिनाअखेर यंत्राचा नकाशा पक्का झाला की मग बदलता येत नाही. मी हुं हुं करत राहिले. स्पीकर चालू होता. अज्जी म्हणाल्या, “व्हय व्हय, कर बाई, लई वाजतंय ते.”

तुला एक माहीत नसेल. अज्जींच्या इष्टलिंगाच्या पूजेला तो पट्टा चालत नाही. डाव्या तळहातावर लिंग घ्यायचं, त्याच मनगटाला ते काळं रबर कशाला, म्हणून त्या काढून देतात. काढून ठेवला तर थोड्या वेळानं ‘हाताला नाही’ म्हणून तो ओरडतो. तेव्हा पूजा होईपर्यंत तो मी माझ्या हाताला बांधते. रोजचंच आहे. अज्जी पूजेला बसल्या की बोलत नाहीत, उठत नाहीत, लिंगावरची नजर काढत नाहीत. साऱ्या दिवसात तेवढाच वेळ मला कुणी हाक मारत नाही.

यात्रेनंतरच्या सोमवारी त्या अशाच बसल्या होत्या. मी नैवेद्याचं दूध उतरवायला वाकले आणि डोळ्यांपुढं अंधार आला. भिंत धरली. दणकन पडले नाही गं, भिंत धरून धरूनच खाली आले, धान्याची गोणी घसरते तशी, आणि शेवटी उजवा हात अंगाखाली आला. शुद्ध होती, पण अंग उचलेना. जीभही जड झालेली. पट्ट्यानं ओळखलं. तुझ्या त्या रव्याच्या कणाला माझं हळू घसरणंसुद्धा कळलं. अज्जींच्या उशाशी फोन वाजायला लागला, वाजतच राहिला. मला फरशीवरून ऐकू येत होता. वाटलं, आता अप्पा येतील. मग आपोआप थांबला. दूध उतू जाऊन चूल विझली. पूजा आटोपल्यावर अज्जींनी हाक मारली, तीर्थाला उशीर का? तोवर मी भिंतीला धरून उभी राहिले होते. संध्याकाळी अप्पा हसत म्हणाले, आज आईनं पूजेतसुद्धा खाट वाजवणं सोडलं नाही वाटतं. मी ताट वाढलं. तू विचारलंस तेव्हाही नेहमीचंच म्हटलं, उगीच वाजलं असेल.

हात अजून सुजलेला आहे, म्हणून अक्षर असं. चक्कर त्यानंतरही येऊन गेली. सोलापूरला दाखवायला जायचं तर अज्जींजवळ कुणी पाहिजे. जमलं तर ये, आणि अप्पांना तूच सांग. माझ्याच्यानं होत नाही. पण यायच्या आधी एक कर. तुला माहीत आहे, मी हिशेबात चुकीची रक्कम राहू देत नाही. बाकी सगळ्या घंटा अज्जींच्या दांडीच्या आहेत, त्या खोट्या धर. त्या सोमवारची तेवढी खोट्यांतून खोडून खरी लिही, आणि मगच स्प्रिंगचं ठरव. तो पट्टा तेव्हा माझ्या हाताला होता, शिवू. ती मी होते.

तुझीच,
आई