ओवाळणीची गाडी

कडा, ता. आष्टी
१२ मे २०२६

चि. अमरनाथ यास,
दानम्माअक्काचे अनेक आशीर्वाद. विशेष. इकडं समदे खुशाल हायत. फोनवर तू हो-हो म्हणून ठेवून देतोस, म्हणून तुझ्या होस्टेलच्या दिवसांसारखं कागदावरच लिहिते.

भाऊबिजेला तू ताटात किल्ली टाकलीस ती तुझी वापरलेली विजेची गाडी आता लई रुसायला लागली. दिवाळीत आष्टी, जामखेड करून घरी आले तरी चार्जिंग उरायचं. परवा आष्टीहून येताना आकडा झपकन खाली आला आणि गाडी रस्त्यातच थांबली. आत शेंगाचटणीचे डबे, कडक भाकरीचे गठ्ठे, वरून ऊन. तुझे दाजी ट्रॅक्टर घेऊन आले, गावातून ओढत आणली. दोन दुकानदारांनी सांगितलं, माल वेळेवर येत नसंल तर दुसरीकडून घेऊ. पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकले ती या धंद्यापायी. तो बसला तर पुन्हा डबे घेऊन एसटीत चढायचं.

शेजारची रतनबाई म्हणती, भावाला देतानाच ठावं असंल. मी तिला झापलं. ओवाळणीचं कुणी मोल करतं का? वडलांच्या चौसाळ्याच्या रस्त्याकडच्या जागेच्या हक्कसोडीवर सही केली तवा मी कागद वाचला न्हाई, तशी गाडीबी तपासली न्हाई. पण मनात किडा वळवळतो, म्हणून एकदाच विचारते. बॅटरी उतरलीय हे तुला माहीत होतं का? राग मानू नको.

घरी सगळ्यांना माया. पत्राला उत्तर धाड.
तुझी अक्का, दानम्मा

पुणे
२१ मे २०२६

ती. सौ. अक्कास,
अमरनाथचा शरणार्थ. तुझं पत्र वाचून हसूच आलं. रतनबाईंना बॅटरीतलं काय कळतं? भाऊबिजेला दिली तेव्हा बॅटरी नव्यासारखी होती, शपथेवर सांगतो.

चूक वापरण्यात होतेय. दाजी गाडी पत्र्याखाली लावतात, मे महिन्यात तिथे भट्टीच असते. तू रोज शंभर टक्के भरतेस आणि पार तळाला नेतेस. ऐंशीवर थांबव, विसाच्या खाली जाऊ देऊ नकोस. इतक्या वर्षांच्या गाडीचं थोडं कमी होणारच. पेट्रोलचं काय वाचलं ते बघ, गाडी फुकटच पडली तुला.

चौसाळ्याच्या जागेवर हॉटेलवाल्याने काम सुरू केलं. भाडं चांगलं येईल. तुझ्या एका सहीने माझं घर मार्गी लागलं, हे विसरणार नाही.

दाजींना नमस्कार. अशीच माया राहू दे.
तुझा, अमर

कडा
५ जून २०२६

चि. अमर यास,
आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं आणि माझीच मला लाज वाटली. सख्ख्या भावाला कशाला असलं विचारलं, म्हणून दोन दिवस जेवण गेलं न्हाई. गाडी आता लिंबाखाली लावतो. ऐंशीवर वायर काढते. आकडा तसाच पळतोय, पण मोडलेलं हळूहळू सुधारंल. माझ्याच हातानं बिघडली म्हणायची.

तुझे दाजी म्हणतात, नगरच्या सर्व्हिस सेंटरला एकदा दाखवू. मी म्हणलं, भावानं सांगितल्यावर परक्याला कशाला विचारायचं? चटणीचा डबा एसटीनं पाठवलाय. रागावला असशील तर तो खाऊन राग सोड.
तुझी अक्का

पुणे
११ जून २०२६

ती. अक्कास,
शरणार्थ. डबा पोचला. घाईत लिहितो. दाजींना सांग, नगरला अजिबात नेऊ नका. तिथे लुटतात. दिवाळीला मी स्वतः येऊन बॅटरीचं बघतो.

आनंदाची गोष्ट, रुचिकाला लातूरचं स्थळ आलंय. माणसं जुन्या वळणाची आहेत, मुलीच्या आत्याकडे विचारपूस करायला कड्याला येतील. चार शब्द चांगले सांग.
तुझा, अमर

कडा
२९ जून २०२६

अमरनाथ,
नको म्हणालास म्हणून तुझे दाजी हट्टाला पेटले. आम्ही नगरला गेलतो. तिथल्या पोरीनं गाडीचा नंबर घातला आणि म्हणाली, आजी, या बॅटरीचा वॉरंटीचा अर्ज मागच्या सप्टेंबरातच आलता, नामंजूर झालाय. सोसायटीच्या तळघरात पाणी शिरून गाडी बुडालती. बॅटरीत तवाच निम्मीच ताकद उरलीवती. नवीला साडेपाच लाख, म्हणजे गाडीच्या किमतीहून जास्त. अर्जावर तुझी सही होती. तुझ्या सहीतला तो लांब शेपटाचा 'थ' मीच तुला पाटीवर गिरवून शिकवलता.

सप्टेंबरात तुला कळलं, आणि ऑक्टोबरात तू किल्ली माझ्या ताटात टाकलीस. दुसऱ्या दिवशी बीडला नेऊन हक्कसोडीवर सही घेतलीस. अमर, तू फसवलंस मला. गाडीत दम न्हाई अक्का, पण सही दे, असं म्हणला असतास तरी मी दिली असती. वर खोटी शपथ घेऊन चूक माझीच ठरवलीस, आणि मी माफी मागत बसले. ते लई जिव्हारी लागलंय. धंद्यातले दोन दुकानदार सुटले. परवापासनं एसटीनं जाते.

काल लातूरचे पाहुणे येऊन गेले. चहा झाल्यावर त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं सरळ विचारलं, "तुमचा भाऊ शब्दाचा पक्का हाय का?" तुझे दाजी उठून बाहेर गेले. माझ्या डोळ्यासमोर रुचिका आली, तिचा काय दोष? मी म्हणलं, "लई पक्का हाय. आजवर माझ्याशी खोटं बोलला न्हाई." म्हाताऱ्यानं समाधानानं मान हलवली. पोरीचं जमंल. आणि अमर, त्यांनीबी काही तपासलं न्हाई. बहिणीनं सांगितलं म्हणून विश्वास ठेवला.

रुचिकाला आशीर्वाद. बाकीचं नेहमीचं यावेळी लिहवत न्हाई.
दानम्मा